मित्रासाठी घेतलेलं चेनचं हत्यार

सायकलची चेन दुरुस्त करायचं हत्यार घेताना दुकानदार आपली कौटुंबिक स्थिती विचारतो, हे जर्मनीत जाईपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

गोष्ट दोन हजार सहा सालातली. कंपनीने मला पुण्याहून गेर्लिंगेनला पाठवलं होतं. दिवसभर कॉम्प्युटरवर मोटारीच्या भागांची गणितं मांडायची आणि संध्याकाळी खोलीवर येऊन भाताला कुकरची शिट्टी होऊ द्यायची. त्या शिट्टीखेरीज माझ्याशी कुणी आपणहून बोलत नसे. म्हणून मी एक जुनी माउंटन बाइक घेतली. डोंगरात एकटा माणूस दिसला तर लोकांना तो निसर्गप्रेमी वाटतो. तोच माणूस हॉटेलात एकटा बसला तर त्याचं काहीतरी बिनसलंय असं वाटतं. मला निसर्गप्रेमी दिसायचं होतं.

गेर्लिंगेनचं दुकान

सायकलच्या दुकानाचे मालक हेर बाउमान. सराफ बांगड्या मांडतो तशी त्यांनी काउंटरवर दोन हत्यारं मांडली. एक आगपेटीएवढं, घडीच्या चाकूसारखं. त्यात पंधरा पाती आणि पाने, आणि त्यातच कोपऱ्यात चेनचं हत्यार. दुसरं फक्त चेनचं, मूठभर जाड, लांब दांड्याचं आणि चांगलं जड.

त्यांनी मला सगळं शाळेतल्या मुलासारखं समजावून सांगितलं. चेनच्या कड्या इवल्याशा पिनांवर अडकलेल्या असतात. चेन तुटली की तुटकी कडी काढून टाकायची. त्यासाठी हत्याराचा दांडा फिरवून पिन बाहेर ढकलायची, पण पूर्ण नाही. तिचं टोक कडीत राहिलं पाहिजे, कारण तीच पिन उलट दाबून चेन परत जोडायची असते. दांडा आखूड असला की जोर फार लागतो, बोटं सोलतात आणि पिन तिरकी जाते.

"मग यातलं चांगलं कुठलं?" मी विचारलं. पुण्यात हा प्रश्न विचारला की दुकानदार एक दाखवतो आणि आपण शहाणपणाने दुसरं घेतो.

हेर बाउमान म्हणाले, "ते तुमच्यावर आहे. तुम्ही ग्रुपबरोबर जाता की एकटे?"

"म्हणजे?"

"ग्रुपमध्ये असाल तर छोटं पुरे. कुणाकडे तरी मोठं असतंच. आल्झो, म्हणून सांगतो, एकटे असाल तर मात्र मोठंच घ्या."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. ती उगीच घंट्या वाजवून बघायची थांबली, असं मला वाटलं. 'अलाइन?', म्हणजे एकटेच का, हा प्रश्न मला त्या देशात हॉटेलच्या दारात, तिकिटाच्या खिडकीवर, एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीतही विचारला गेला होता.

"ग्रुप आहे," मी म्हणालो. "मोठा आहे."

ही अगदीच थाप नव्हती. ग्रुप होता, फक्त मी त्यात नव्हतो. ऑफिसातला मार्कुस आणि त्याचे मित्र दर बुधवारी जंगलात सायकली घेऊन जात. वसंतात तो मला म्हणाला होता, "तूही ये एकदा." आपल्याकडे 'या एकदा घरी' याचा अर्थ 'आता निघा' असा होतो. म्हणून मी दुसऱ्या, खऱ्या आमंत्रणाची वाट बघत बसलो. जर्मन माणूस ये म्हणाला की त्याचा अर्थ ये असाच असतो, हे कळेपर्यंत झाडांची पानं पिवळी पडू लागली होती.

छोटं हत्यार घरी आणून मी जुन्या चेनच्या तुकड्यावर चालवून पाहिलं. पिन हलली नाही, अंगठ्याची साल मात्र व्यवस्थित निघाली. पुढच्या शनिवारी पुन्हा दुकानात गेलो.

"ते मोठं हत्यार द्या. माझ्या मित्राला हवंय. तो एकटा चालवतो."

हेर बाउमाननी माझ्या अंगठ्यावरच्या पट्टीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "गेनाऊ," ते म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. "मित्राला हेच द्या." मोठं हत्यार पिशवीत घातल्यावर त्यांनी चाकाची एक जुनी तार घेतली, वीतभर तोडली आणि पकडीने दोन्ही टोकं वाकवून तिचा आकडा केला.

"हा माझ्याकडून. पिन दाबताना चेनची दोन टोकं एकमेकांकडे ओढून धरायला लागतात. ग्रुपमध्ये ती कुणीतरी धरतो. एकट्याला तिसरा हात नसतो, म्हणून हा आकडा. मित्राला सांगा, सांभाळून जा."

सांगतो म्हणालो आणि आकडा खिशात घालून निघालो.

बाड उराखहून वर

त्या वर्षी दसरा सोमवारी आला होता आणि मंगळवारी जर्मन लोकांची सुट्टी. मधला सोमवार सगळ्यांनीच रजेत टाकल्यामुळे अख्खं ऑफिस चार दिवस ओस पडणार होतं. अशात उल्मला बायको शर्वरीसोबत राहणाऱ्या नंदनचा, माझ्या कॉलेजातल्या मित्राचा, फोन आला.

"सोमवारी जेवायला ये. पाच-सहा मराठी घरं जमतायत. शर्वरी श्रीखंड करतेय. एकला पानं वाढणार, पुणेरी एक, म्हणजे एकच."

समोरासमोर मराठी बोलल्याला मला अख्खा उन्हाळा उलटला होता. माझ्या डोळ्यांपुढे चक्का नाही, माणसं आली. शेजारी कुणीतरी 'अहो, घ्या की अजून' म्हणतंय आणि मी पानावर हात आडवा धरतोय, असं दिसायला लागलं.

"येतो," मी म्हणालो. "सायकलवर येतो. आल्बचा डोंगर ओलांडून."

"वेडा आहेस का? ट्रेनने तास लागतो."

तोच तर घोटाळा होता. ट्रेनने गेलो असतो तर चार दिवसांतला एक तास संपला असता. उरलेल्याचं मी काय करणार होतो?

शनिवारी गाडीने बाड उराखला उतरलो आणि सायकल ढकलत वर चढलो. चालवत चढलो असं लिहिणार होतो, पण वाटेत भेटलेल्या आजीबाई हे वाचणार नसल्या तरी त्यांनी मला चालत मागे टाकलं, हे खरंच आहे. वर पोहोचलं की डोंगर एकदम संपतो आणि पाचगणीच्या टेबललँडसारखं सपाट पठार सुरू होतं. कडेला चुनखडीचे पांढरे कडे. खाली लाल छपरांची गावं, वर मेंढ्यांनी कुरतडून गालिचा केलेली कुरणं आणि मधेमधे ज्युनिपरची उभी झुडपं. लांबून ती झुडपं माणसांसारखी दिसतात. एकाला मी 'ग्र्युस गॉट', म्हणजे तिकडचा रामराम, म्हणालोसुद्धा.

मुक्कामाच्या गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या खानावळीच्या फ्राउ हेगेले यांना ते आवडणार नाही. साठीच्या पुढच्या, ताठ आणि मोजकं बोलणाऱ्या बाई. वर चार खोल्या, खाली जेवणघर. मी आत शिरलो आणि कोपऱ्यातल्या सगळ्यात मोठ्या रिकाम्या टेबलावर जाऊन बसलो. त्यावर पितळेची एक पाटी होती. ती मला शोभेची वाटली. ते गावातल्या रोजच्या मंडळींचं राखीव टेबल निघालं. दारात चार म्हातारे टोप्या हातात धरून उभे राहिले. आपल्या देवघरात पाहुणा चपला घालून बसावा, तसे ते माझ्याकडे बघत होते.

फ्राउ हेगेलेंनी मला उठवून खिडकीशी नेलं.

"अलाइन?"

"या," म्हणजे जर्मनमधलं 'हो', मी इतक्या हळू म्हणालो की ते मलाच कसंबसं ऐकू आलं.

त्या टेबलावर सहा जणांची मांडामांड होती. त्यांनी पाच जणांचे काटे, चमचे आणि ग्लास एकेक करून उचलले. सगळं एकदम ट्रेमध्ये घालता आलं असतं. पण नाही, दर वेळी येत होत्या आणि एकेका न आलेल्या माणसाला उठवून नेत होत्या. मग चीज घातलेल्या शेवयांसारखा गरम पदार्थ आला, वर तळलेला कांदा. चव उत्तम होती. अर्ध्यावर येईपर्यंत मी ती कुणाला सांगावी या विचारात होतो.

खिडकीतली खंडेनवमी

रविवारी सकाळी आईचा फोन आला.

"आज खंडेनवमी. हत्यारं पुजलीस का?"

"आई, मी डोंगरात आहे."

"मग डोंगरात हत्यार लागत नाही? बरोबर काय आहे?"

"चेनचं हत्यार आहे."

"तेच पूज. शर्वरीसाठी दिलेली कुंकवाची पुडी आहे ना तुझ्याजवळ? त्यातलं चिमूटभर घे. शर्वरी काही रागावणार नाही."

माझ्या वडिलांचं भोसरीला लेथचं छोटं वर्कशॉप होतं. खंडेनवमीला मशीन पुसून त्यांना हळद-कुंकू लागलं की दसऱ्याची आरती होईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. हत्यारांनाही एक दिवस सुट्टी पाहिजे, असं बाबा म्हणत. लहानपणी मी पूजेतला पाना उचलला होता, तेव्हा बसलेला धपाटा हे माझं अभियांत्रिकीचं पहिलं शिक्षण.

खिडकीच्या कट्ट्यावर एक लाकडी तबक होतं. त्यात हत्यार ठेवलं, कुंकू वाहिलं. बाहेरच्या कुंडीत लाल जिरेनियम होतं, त्याचं एक फूल मालकिणीला न विचारता घेतलं. सायकलला खाली जाऊन कुंकू लावून आलो. वाहनाचं बरं असतं, पूजा झाली तरी ते चालवता येतं. हात जोडले. डोळे मिटल्यावर काय मागायचं ते सुचेना, म्हणून उद्या एकच्या पंगतीला वेळेवर पोहोचव, एवढंच म्हणालो.

पाव आणि उकडलेलं अंडं खाऊन वर आलो आणि सामान भरायला लागलो. पंप भरला, पंक्चरचं सामान भरलं. हात खिडकीकडे गेला आणि आपोआप मागे आला. पाठीवर तो जुना धपाटा जागा झाला असावा. शेवटी निघताना उचलू, असं ठरवलं. आणि निघालो.

बीचच्या जंगलात

दुपारपर्यंत मी आनंदात होतो. धुकं उतरलं होतं, बीचच्या झाडांची पानं चाकाखाली पापडासारखी मोडत होती. मग एक चढ आला. गिअर बदलायला उशीर झाला, म्हणून मी पेडलवर उभा राहून सगळं वजन टाकलं. खण्ण असा आवाज झाला, पाय हवेत फिरला आणि मी काट्याच्या झुडपात गेलो.

बाहेर येऊन पाहिलं तर चेन रस्त्यावर मेलेल्या सापासारखी पडलेली. मी हसलो. याच क्षणासाठी तर मी दोनदा दुकानात गेलो होतो. सॅक उघडली. पंप निघाला, पंक्चरचं सामान निघालं, कुंकवाची पुडी निघाली. खिशातून आकडाही निघाला. चेनची दोन टोकं ओढून धरायची सगळी तयारी होती. पिन दाबणारं हत्यार तेवढं तबकात बसून सुट्टी घेत होतं.

एवढ्यात मागून आवाज आले. सहा जण, सगळे माउंटन बाइकवर, चिखलाने माखलेले. पुढचा थांबला.

"सगळं ठीक आहे ना?"

सहा माणसं. हेर बाउमानच्या हिशेबाने त्यातल्या एकाकडे तरी हत्यार असणारच. तोंड उघडून दोन शब्द बोलायचे होते. मी चेनपुढे सरकून उभा राहिलो, म्हणजे ती दिसू नये.

"आलेस क्लार," मी म्हणालो. सगळं ठीक.

"एकटाच आहेस?"

"नाही, नाही. माझा ग्रुप पुढे गेलाय."

त्याने पुढच्या रस्त्याकडे पाहिलं. ओल्या मातीत एकाही चाकाची खूण नव्हती. "बरं," तो म्हणाला, आणि ते गेले. त्यांचं हसणंबोलणं झाडांमधून बराच वेळ ऐकू येत होतं. ते थांबल्यावर जंगल जे शांत झालं, तशी शांतता मी पुण्यात कधी ऐकली नाही.

त्या रात्रीचा मुक्काम लांब होता. रविवार म्हणजे दुकानं बंद. हत्यार नाही तर सायकल नाही, आणि सायकल नाही तर उद्याची पंगत नाही. मी सायकल ढकलत निघालो. चढाला ढकलायची, उताराला वर बसून घरंगळायचं. झाडांशी बोलून पाहिलं. आधी त्यांना शिव्या दिल्या, मग स्वतःला, आणि दोन्ही मराठीत, म्हणजे तेवढंच मराठी बोलणं झालं. संध्याकाळ व्हायच्या बेतात एका कुरणात आलो. तिथे मोबाइलला दोन काड्या आल्या. खानावळीचा नंबर होता.

"हेगेले," पलीकडून आवाज आला.

मी नाव सांगितलं, चेनचं सांगितलं. माझ्या तुटक्या जर्मनमध्ये ते किती कळलं देव जाणे.

"तुमच्याबरोबर कुणी आहे?" त्यांनी विचारलं.

मेंढ्या माझ्याकडे बघत होत्या. "नाही," मी म्हणालो. "मी एकटा आहे."

"कुठे आहात ते सांगा. हलू नका."

पुन्हा तेच गाव

त्या जुन्या मोठ्या मोटारीतून आल्या. पुढच्या सीटवर ते लाकडी तबक होतं आणि त्याला सीटबेल्ट लावलेला होता. हत्यार, कुंकू, फूल, सगळं जागच्या जागी.

"मी वरून हात लावलेला नाही," फ्राउ हेगेले म्हणाल्या. "खालून उचललं. हे कुणाच्या आठवणीसाठी आहे का? कुणी वारलंय?"

"नाही, नाही. हे चेनचं हत्यार आहे."

त्यांनी तबकाकडे नव्याने पाहिलं. मी बाबांचं वर्कशॉप, पूजा आणि हत्यारांची सुट्टी असं सगळं जमेल तसं सांगितलं. मनात धाकधूक होती, कारण ते जिरेनियम त्यांचं होतं.

"म्हणजे आज याने काम करायचं नाही."

"तशी पद्धत आहे. पण मी आता इथेच पटकन जोडतो. उद्या एकला मला उल्मला..."

"आज रविवार आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे रविवारी कुणी खिळासुद्धा ठोकत नाही. शेजारी पडदा सारून बघतात. तुमच्या हत्याराला सुट्टी, माझ्या गावाला सुट्टी. उद्या सकाळी." आणि त्यांनी सायकल मागे घालायला मला हातभार लावला. मी मागच्या सीटवर सायकलच्या चाकाला कवटाळून बसलो, कारण पुढची जागा भरलेली होती.

नंदनला फोन केला. "एकला येणं होत नाही रे."

"मला माहीत होतं. ट्रेन म्हणालो होतो." मग म्हणाला, "लोकांना लांब जायचंय, पंगत थांबवता येणार नाही. तुझं ताट झाकून ठेवतो. पण ये नक्की. नाहीतर शर्वरी मला तुझ्या वाटचं श्रीखंड खायला लावेल, आणि डॉक्टरांनी मला साखर बंद केलीय."

रविवारी संध्याकाळी खानावळ बंद असते. जेवणघरात अंधार होता. फ्राउ हेगेलेंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. टेबल छोटं, दोन खुर्च्यांचं. त्यातल्या एकीवर जुन्या वर्तमानपत्रांची चळत होती, ती त्यांनी उचलून खाली ठेवली. त्या चळतीवरून ती खुर्ची किती दिवस कुणी वापरली नव्हती, ते कळत होतं.

जेवायला मसूर आणि त्यांच्या त्या शेवया. मसुरात व्हिनेगर होतं. फोडणी द्यायची राहून गेलेली आमटी म्हणा ना. सॉसेज मी खात नाही म्हटल्यावर ते मुकाट्याने त्यांच्या ताटात गेलं. जेवता जेवता कळलं, त्यांचा मुलगा हांबुर्गला असतो आणि नाताळला येतो. मी म्हणालो, माझी आई पुण्याला असते आणि रविवारी फोन करते.

"रोज नाही?"

"रोज केला तर तिला कळेल," मी म्हणालो.

काय कळेल, ते त्यांनी विचारलं नाही. वाटीत आणखी मसूर वाढायला घेतला. मी ताटावर हात आडवा धरला, तर त्यांना ती खूण कळेना. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि वाढलं.

पुढचं आधीच सांगून टाकतो. सोमवारी मी उल्मला पोहोचलो तेव्हा पंगत उठून बराच वेळ झाला होता आणि मंडळी बूट शोधत होती. नंदनच्या लेकीने दार उघडलं आणि आतल्या सगळ्यांना जर्मनमध्ये ओरडून सांगितलं की एक चिखलाचा काका आलाय. माझं ताट झाकलेलं होतं. मी जेवलो, आणि निघालेली दोन माणसं बूट घालूनच माझ्यासमोर पुन्हा बसली.

पण मला आठवतो तो त्याआधीचा, सकाळचा प्रसंग. खिडकीत हत्याराची उत्तरपूजा केली, अक्षता नव्हत्या म्हणून ओटचे दाणे वाहिले. कुंकू पुसायचा धीर झाला नाही. अंगणात सायकल उलटी ठेवली, तुटकी कडी काढली. हेर बाउमान खरं बोलले होते. त्या लांब दांड्याने पिन लोण्यातून सुरी जावी तशी सरकली, आणि टोक आत ठेवून थांबलीही.

आता दोन टोकं जवळ आणायची. फ्राउ हेगेले दारात कॉफीचा कप घेऊन उभ्या होत्या. मी खिशात हात घातला. बोटांना आकडा लागला.

हात तसाच रिकामा बाहेर काढला.

"जरा धराल का?" मी म्हणालो. "याला दोन माणसं लागतात."

त्यांनी कप उंबऱ्यावर ठेवला, एप्रनला हात पुसले आणि चेनची दोन टोकं चिमटीत धरली. बोटांना तेल लागलं, नखांपाशी कुंकवाचा लाल डाग लागला, पण त्या ओढून उभ्या राहिल्या. मी दांडा फिरवला. पिन बसली. मी पेडल हाताने फिरवलं आणि चाक अंगणभर सर्र आवाज करत फिरत राहिलं. आम्ही दोघंही ते थांबेपर्यंत बघत उभे होतो.

हात पुसायला मी खिशातून रुमाल ओढला, आणि आकडा त्यांच्या पायाशी फरशीवर टणकन पडला.

त्यांनी तो उचलून उजेडात धरला. "हे काय आहे?"

"हे होय," मी म्हणालो. "माझ्या मित्राचं आहे. तो एकटा असतो बिचारा."